हनोईत एकटीचा मोकळा दिवस: काय खावं, काय घ्यावं आणि कधी

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एक शिक्षिका ऑक्टोबरच्या शेवटी व्हिएतनामला जात आहेत. 'हा लाँग बे' या उपसागराची सहल आटोपली की त्यांचा गट दा नांगला जाणार. त्यांचं परतीचं विमान मात्र हनोईहून, दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा. म्हणजे एक अख्खा दिवस हाताशी, तोही एकटीचा. त्या लिहितात, "संग्रहालयं नकोत. गल्ल्यांतून रमतगमत फिरायचंय, घरच्यांसाठी चार वस्तू घ्यायच्यात आणि रस्त्यावरचं खायचंय. अंडं, कोंबडी, मासे खाते. गाय आणि डुक्कर नाही. परदेशात एकटी कधी फिरले नाही. दिवस कसा बेतू?"

ताई, मी नोकरीसाठी हनोईत राहिले आहे आणि आता मराठी प्रवाशांचे छोटे गट तिथे नेते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एकटेपणाची काळजी सोडा. हनोईचं फुटपाथवरचं खाणं एकट्या माणसाला अगदी सोयीचं आहे. व्हिएतनामी घरात किंवा मोठ्या हॉटेलात पदार्थ मधे मांडून सगळे मिळून खातात, तिथे एकटीनं काय मागवावं हा खरा पेच असतो, कारण आख्खा मासा चौघांसाठी येतो. रस्त्यावरच्या दुकानात तसं नाही. एका दुकानात बहुतेक एकच पदार्थ, माणशी एक वाडगा, बसायला बुटकं प्लास्टिकचं स्टूल. शेजारी कचेरीला निघालेलं कुणीतरी एकटंच खात असतं. तुमच्याकडे कुणी वळूनही पाहणार नाही. बसायचं, एक बोट वर करायचं, वाडगा येतो.

मला तुम्हाला सांगायची मुख्य गोष्ट वेगळीच आहे. बहुतेक जण 'हनोईत खायलाच हवेत असे पदार्थ' अशी यादी घेऊन येतात आणि तिच्यामागे शहरभर टॅक्सीनं पळतात. तसं करू नका, घड्याळाकडे बघा. इथे प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली असते. सकाळची बाई नऊ-साडेनऊला टोपली रिकामी करून जाते आणि तिच्याच जागेवर दुपारी दुसरी बसते. दुकानांचंही तसंच आहे. वेळ पाळलीत तर होआन किएम तळं ते दोंग सुआन बाजार या जेमतेम किलोमीटरभराच्या जुन्या वस्तीत तुमचा सगळा दिवस भरून जाईल आणि एकदाही गाडी करावी लागणार नाही.

सकाळी साडेसहाला तळ्याकाठी पोचा. आजी-आजोबा व्यायाम करत असतात, बायकांचे गट गाण्यावर कवायत करतात, लाल लाकडी पुलावर गर्दी नसते. अर्धा तास पुरे. मग न्याहारी.

तुमच्यासाठी न्याहारी म्हणजे 'फो गा', कोंबडीच्या रश्श्यातल्या तांदळाच्या पट्टीशेवया. जगभर नाव झालं ते 'फो बो'चं, त्यात गोमांस असतं. एकाच दुकानात दोन्ही मिळत असेल तर ते टाळा, कारण डाव आणि पातेली एकमेकांत जातात. पाटीवर फक्त 'फो गा' लिहिलेलं आणि काचेच्या कपाटात पिवळसर उकडलेल्या कोंबड्या टांगलेल्या असं दुकान शोधा. जुन्या वस्तीत अशी बरीच आहेत. काही जण रश्श्यात डुकराची हाडंही घालतात, तेव्हा तुम्हाला कडक पाळायचं असेल तर आधी विचारा. वाडगा आला की लगेच लिंबू-मिरची टाकू नका. पहिले दोन घोट नुसते घ्या. हनोईचा रस्सा दक्षिणेतल्यापेक्षा साधा आणि स्वच्छ चवीचा असतो, दक्षिणेसारखी पालेभाजीची परडी इथे शेजारी ठेवत नाहीत. कोंबडीवर लिंबाच्या पानाचे बारीक दोरे टाकलेले असतात, त्यांचा वास आधी येऊ द्या. मग लसणाचं व्हिनेगर आणि मिरची थोडी थोडी. टेबलावर तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या असतात, त्यांना 'क्वाय' म्हणतात. त्या रश्श्यात बुडवून खायच्या आणि जेवढ्या घेतल्या तेवढ्यांचे पैसे वेगळे द्यायचे. सगळं मिळून साधारण साठ ते ऐंशी हजार डोंग (तिथलं चलन).

तोंडी बोलण्यावर फार विसंबू नका. 'गा' म्हणजे कोंबडी, 'का' म्हणजे मासा, 'चुंग' म्हणजे अंडं, 'बो' म्हणजे गाय, 'लोन' म्हणजे डुक्कर, एवढे शब्द ओळखीचे असावेत. पण व्हिएतनामीत सूर बदलला की अर्थ बदलतो. म्हणून हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीकडून 'मी गाय, डुक्कर आणि डुकराची चरबी खात नाही' हे व्हिएतनामीत कागदावर लिहून घ्या आणि दुकानात तो कागद दाखवा. चरबीचा उल्लेख मुद्दाम करते आहे. 'सोय सेओ' नावाचा पिवळा चिकट भात, वर मुगाच्या डाळीचा लगदा आणि तळलेला कांदा, दिसायला पूर्ण शाकाहारी असतो, पण बाई शेवटी चमचाभर चरबी ओतते. 'खोंग मो' म्हणालात की ती ओतत नाही. अंड्याचा पाव, म्हणजे 'बान मी चुंग', घेताना आत लावायचा 'पाते' नावाचा लेपही नको म्हणून सांगा, तो डुकराच्या यकृताचा असतो. माशाचं पाणी, 'नुओक माम', मात्र जवळपास सगळीकडे असणारच. तुम्ही मासे खाता म्हणून अडचण नाही.

हे वाचणाऱ्या पूर्ण शाकाहारी मंडळींसाठी एक ओळ: 'चाय' अशी पाटी असलेली दुकानं बौद्ध शाकाहारी असतात, आणि चांद्रमहिन्याच्या पहिल्या व पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक व्हिएतनामी घरं मांस सोडतात. दिनदर्शिका पाहून तो दिवस साधला तर फुटपाथवरही शाकाहारी पदार्थ जास्त दिसतात.

न्याहारीनंतर लगेच खरेदीला जाऊ नका, कॉफी प्या. यामागे कारण आहे. हनोईच्या दुकानदारांत पहिल्या गिऱ्हाइकाला फार महत्त्व असतं, अगदी आपल्या बोहनीसारखं. सकाळी पहिली शिरलेली व्यक्ती खूप घासाघीस करून काही न घेता निघून गेली तर अख्खा दिवस वाईट जातो असं मानतात, आणि काही जणी ती गेल्यावर कागदाचा तुकडा पेटवून तो अपशकुन घालवतात. पर्यटकाला हे माहीत नसतं. तो आठला दुकानात शिरतो, दहा वस्तू उचकतो, भाव पाडतो आणि निघतो, आणि मग 'इथली माणसं तुसडी' असं सांगत फिरतो. दहानंतर जा. घ्यायचं नक्की असेल तर लवकर गेलात तरी चालेल, उलट बोहनीच्या गिऱ्हाइकाला भाव बरा मिळतो.

कॉफीसाठी न्गुएन हूउ हुआन रस्त्यावरचं कॅफे गियांग. एका अरुंद बोळातून आत जायचं. न्गुएन वान गियांग हे मेट्रोपोल हॉटेलात काम करत. दुधाची टंचाई होती तेव्हा त्यांनी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घालायला सुरुवात केली आणि १९४६ मध्ये स्वतःचं दुकान काढलं. आजही ते कुटुंबाकडेच आहे. छोटा कप गरम पाण्याच्या वाडग्यात बसवून देतात. वरचा बलकाचा थर गोड आणि जाड, खालची कॉफी कडू. आधी चमच्यानं वरचं चाखा, मग ढवळा. अंड्याचा वास येत नाही. गर्दी असेल तर हट्ट करू नका, अंड्याची कॉफी आता गल्लोगल्ली मिळते आणि बऱ्याच ठिकाणी चांगली मिळते.

इथेच बसून नोटा लावून घ्या. वीस हजाराची आणि पाच लाखाची, दोन्ही नोटा निळसर असतात. घाईत पाच लाख गेले तर ते दीड हजार रुपयांहून जास्त होतात. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. हिशेबासाठी शेवटची तीन शून्यं काढायची आणि उरलेल्याची तिप्पट करून थोडं वर धरायचं, साधारण रुपये मिळतात.

आता खरेदी. जुन्या वस्तीला 'छत्तीस गल्ल्या' म्हणतात आणि बहुतेक गल्ल्यांची नावं 'हांग' म्हणजे माल या शब्दानं सुरू होतात: हांग बाक चांदीची, हांग मा पूजेच्या कागदी वस्तूंची, हांग थिएक पत्र्याची. काहींचा धंदा बदलला आहे, काहींनी अजून टिकवला आहे. हांग थिएकमध्ये आजही पत्रा ठोकल्याचा आवाज दुरून येतो. घ्यायचं काही नसलं तरी तिथून चक्कर मारा.

मराठी घरासाठी माझी पहिली पसंती मात्र लान ओंग रस्ता. हे अठराव्या शतकातल्या एका थोर वैद्याचं टोपणनाव, आणि रस्ता आजही काष्ठौषधींच्या दुकानांनी भरलेला आहे. वळणावरच वास येतो. इथे बाद्यान आणि दालचिनी घ्या. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारं बाद्यान मोठ्या प्रमाणावर व्हिएतनाममधूनच भारतात येतं. उत्तरेतला लांग सोन प्रांत त्यासाठी नावाजलेला आहे, तर येन बायचा भाग दालचिनीसाठी. बाद्यान बघताना पाकळ्या अखंड हव्यात, रंग तांबूस तपकिरी, पाकळी उकललेली आणि आत चकचकीत बी दिसणारं. काळपट, तुकडे झालेलं, ओलसर वाटणारं नको. एक पाकळी मोडून वास घ्या, दुकानदार काही म्हणत नाही. दालचिनी इथली जाड सालीची आणि तिखट-गोड, घरी मसाल्याला घालताना नेहमीपेक्षा हात आखडता ठेवा. पाव किलो बाद्यान म्हणजे घराला वर्षभर पुरून शेजारी द्यायलाही उरतं. मी गटातल्या बायकांना इथे आणते तेव्हा त्या रेशमाच्या दुकानापेक्षा इथे जास्त रमतात.

जवळच हांग दुओंग, जुनी साखरेची गल्ली. आता तिथे 'ओ माय' मिळतं: मीठ, साखर, आलं, कधी मिरची लावून मुरवलेली फळं. 'साऊ' नावाचं आंबट फळ हनोईचं खास, शहरातल्या कितीतरी रस्त्यांना त्याच्याच झाडांची सावली आहे. दुकानात चव द्यायला ठेवलेलं असतं, पाच-सहा प्रकार चाखून मगच सांगा. एक लक्षात ठेवा, पाटीवरचा भाव बऱ्याचदा किलोचा नसतो, 'लांग'चा असतो, आणि लांग म्हणजे शंभर ग्रॅम. शाळेतल्या सहकाऱ्यांसाठी याहून चांगली भेट नाही. हलकं, टिकाऊ, आणि विमानात सांडत नाही.

दोंग सुआन बाजार शेवटी आहे. फ्रेंचांनी १८८९ मध्ये बांधला, १९९४ मध्ये मोठ्या आगीत जळाला, मग पुन्हा उभा केला. तो घाऊक बाजार आहे, हे ध्यानात घेऊन जा. एक ओढणी मागणाऱ्याकडे बघायला तिथल्या बायकांना सवड नसते आणि त्यात त्यांचं चुकत नाही. अर्धा तास बघा, काजू घ्यायचे तर घ्या. सालासकट भाजलेले खारे काजू इथे सर्रास मिळतात, कोकणातल्या माणसालाही ते आवडतील. भाव करताना सांगितलेल्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा, दोनतृतीयांशाच्या आसपास थांबा, हसत राहा. आकडे कॅल्क्युलेटरवर दाखवायचे. खाण्याच्या पदार्थाचा भाव पाडू नका, फक्त घेण्याआधी विचारा.

साडेअकराला जेवा. हनोई लवकर जेवतं, एकनंतर चांगली दुकानं आवरायला लागतात. बहुतेक लोक तुम्हाला 'बुन चा' सांगतील. मे २०१६ मध्ये बराक ओबामा आणि टीव्हीवरचे प्रसिद्ध अमेरिकी शेफ अँथनी बोर्डेन यांनी ते एका साध्या दुकानात खाल्लं तेव्हापासून तर सगळेच सांगतात. पण ते भाजलेलं डुकराचं मांस आहे. तुमच्यासाठी 'चा का' आहे, आणि मला विचाराल तर हनोईचा सगळ्यात सुंदर पदार्थ तोच. हळद लावलेले माशाचे तुकडे तुमच्या टेबलावरच तव्यात तेलात टाकतात आणि वर मुठी-मुठीनं कांद्याची पात आणि शेपू घालतात. होय, शेपू. आपल्याकडे ज्या भाजीला घरातली अर्धी मंडळी नाक मुरडतात, ती इथे माशाबरोबर काय होते ते खाऊनच कळतं. जेमतेम कोमेजली की उचलायची, काळी होऊ द्यायची नाही. वाडग्यात तांदळाच्या शेवया, त्यावर मासा, शेपू, भाजलेले शेंगदाणे. सोबतीला 'माम तोम' येतं, कोळंबीचं आंबवलेलं जांभळट वाटण. वास फार उग्र असतो. त्यात लिंबू पिळून फेस येईपर्यंत ढवळतात. सुक्या जवळ्याच्या घरात वाढलेल्यांना ते झेपतं, नाहीतर नुओक माम मागा. हा पदार्थ इतका मोठा झाला की रंगाच्या गल्लीचं, हांग सोनचं, नावच बदलून चा का झालं. एका माणसाचं ताट मिळतं का ते दारातच विचारा. हे जेवण जरा महाग, दीड ते दोन लाख डोंग. महाग वाटलं तर 'बुन का', तळलेल्या माशाच्या शेवया, त्याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळतात आणि त्यातही शेपू असतो.

साडेबारा ते अडीच काही करू नका. दुकानदारही गल्ल्यामागे आडवे होतात, झोपलेल्या बाईला उठवून भाव विचारणं बरं नाही. हॉटेलची खोली असेल तर पाठ टेका, नाहीतर पहिल्या मजल्यावरच्या एखाद्या कॅफेत गॅलरीतली खुर्ची धरा.

तीननंतर हांग गाय, रेशमाची गल्ली. इथल्या चांगल्या दुकानांत भाव लावलेले असतात, फार कमी होत नाहीत. अस्सल तुतीच्या रेशमाला 'लुआ तो ताम' म्हणतात. पैठणी हाताळणाऱ्या बोटांना स्पर्शावरून बरंच कळतं, तरी शंका आली तर कडेचा एखादा धागा जाळून दाखवायला सांगा. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरली जाते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. खात्रीचा दुकानदार आनंदानं दाखवतो, टाळाटाळ केली तर पुढे चला. फुटपाथवर शंभर रुपयांची 'सिल्क' ओढणी मिळते, ती रंग आवडला म्हणून घ्या, रेशीम म्हणून नको. नावाजलेल्या ब्रँडच्या सॅकही ढिगानं असतात. त्या नक्कल समजूनच किंमत करा आणि चेन दहादा उघडून बघा. 'वीझल कॉफी' (रानमांजराच्या विष्ठेतून मिळवलेल्या बियांची) म्हणून स्वस्तात विकतात तिच्या नादी लागू नका, त्यापेक्षा साधी ताजी भाजलेली कॉफी आणि गाळायचा पत्र्याचा 'फिन' घ्या.

चार-पाचला भूक लागते तेव्हा रस्ता पुन्हा बदललेला असतो. तुम्ही ऑक्टोबरात जाताय म्हणून 'कोम' शोधाच: कोवळ्या चिकट तांदळाचे हिरवे, मऊ पोहे, कमळाच्या पानात बांधलेले. त्यांचा खरा हंगाम शरदाचा. पिकलेल्या केळ्याबरोबर चिमूट-चिमूट खायचे, हळूहळू. खांद्यावर कावड घेऊन फिरणाऱ्या बायका ते विकतात. भाव आधी विचारून घ्या. कुणी फोटोसाठी कावडच तुमच्या खांद्यावर ठेवायला आलं, किंवा न सांगता चपलेला गोंद लावायला वाकलं, तर हात हलवून सरळ चालू लागा, नाहीतर नंतर भलते पैसे मागतात. गोड हवं तर 'चे', डाळी-कंदांची गार खीर. त्यातला बर्फ मधे भोक असलेला नळकांडीसारखा असेल तर तो कारखान्यातला, बिनधास्त घ्या.

संध्याकाळ लहान ठेवा. शुक्रवार ते रविवार असेल तर तळ्याभोवती गाड्या बंद असतात आणि हांग दाओपासून रात्रबाजार भरतो, तिथे रमा. इतर वारी ता हिएन या बिअरच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बसून गर्दी बघा, बिअर नको असेल तर लिंबाचा चहा मिळतो. एकटीला तिथे भीती नाही, फक्त मोबाईल रस्त्याच्या कडेला हातात धरून उभ्या राहू नका, मोटारसायकलवरून हिसकावतात. रस्ता ओलांडताना धावू नका, मधेच थांबू नका, मागे फिरू नका. सावकाश एका चालीनं चालत राहा, दुचाकीवाले तुमचा अंदाज घेऊन बाजूनं जातात. बस आणि मोटारीसमोर मात्र थांबायचं, त्या वळसा घेत नाहीत.

विमानतळ शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर, संध्याकाळच्या गर्दीत तास-सव्वा तास धरा. गाडी 'ग्रॅब' या मोबाईल अ‍ॅपवरून करा म्हणजे भाव आधी दिसतो. बाद्यान-दालचिनी दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत टाका, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास लागतो. माम तोम किंवा नुओक मामची बाटली घेण्याचा मोह झाला तरी घेऊ नका, फुटली तर बॅग गेली. आणि उरलेले डोंग निघण्याआधीच बदला किंवा खर्चून टाका, नाशिकला ते बदलून मिळायला त्रास होईल.